पुणे–बेंगळुरू: वाटेत मुक्काम की एका दमात?

माळावरचा_मुक्कामी

परवा इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं: "पुणे–बेंगळुरू ८४० किलोमीटर. रात्री नऊला निघायचं, सकाळी दहाला घरी. हायवेवरच्या दीड हजाराच्या लॉजवर बायकापोरांना झोपवणं म्हणजे पैसे देऊन ढेकूण विकत घेणं." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. म्हणून हे लांबलचक उत्तर.

नऊला निघालात तर साताऱ्यापुढची सहापदरीकरणाची वळणं धरून कोल्हापूरला दीड वाजतो. म्हणजे दोन ते पाच, डोळा हमखास लागतो ते तास, निपाणी ते धारवाड पट्ट्यात. मागे सगळे झोपलेले, बोलायला कुणी नाही. कारखाने सुरू असले की कराडपासून निपाणीपर्यंत उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, रिफ्लेक्टरच्या नावाने शंख. शिवाय कडेला दिवे बंद करून उभे ट्रक.

उलट सकाळी सहाला निघा. चित्रदुर्ग साधारण ६३५ किलोमीटर, जेवणाखाण्यासकट संध्याकाळी सहापर्यंत पोचता. दुसऱ्या दिवशी उरले २०० किलोमीटर. किल्लाही बघून होतो.

आता ढेकूण. पैसे देण्याआधी खोली बघायची. बॅगा गाडीतच. चादर उचलून गादीच्या शिवणीवर आणि उशाकडच्या फळीच्या फटीत मोबाइलचा टॉर्च मारायचा. काळे बारीक ठिपके दिसले की खाली उतरायचं, "दुसरी खोली दाखवा" म्हणायचंच नाही, कारण ढेकूण भिंतीपलीकडे जातात. मग फ्लश, आतली कडी, खिडकीची खिटी, नळाचं पाणी. एसी दहा मिनिटं चालवून बघायचा. वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा, हे आधीच विचारायचं. आणि खोली मागच्या बाजूची मागायची, एअर हॉर्नपासून सुटका.

गिअर_पाचवा

ते सद्गृहस्थ मीच. लॉजची दलाली सुरू केली का साहेब?

"मागची खोली मागा" हे सांगणाऱ्यांनी लॉजची मागची बाजू कधी बघितलेली नसते. मागे असतो जनरेटर, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट आणि बोअरची मोटर. समोर हॉर्न, मागे धूर, खाली परमिट रूम, आणि मुहूर्त असला तर शेजारच्या हॉलमध्ये बारापर्यंत बँजो. अशा रात्री चार तास झोप मिळते. चार तासांच्या झोपेवर सकाळी गाडी चालवणारा ताजातवाना असतो, हा शोध कुणाचा? त्यापेक्षा दोघं चालक घ्या, तीन-तीन तासांनी बदला. संपला विषय.

सोलापुरी_चादर

दोघं चालक प्रत्येक घरात असतात असं गृहीत धरणं हीच गंमत आहे. आणि दोघांनी दिवसभर ऑफिस करून रात्री नऊला निघायचं असेल तर दोघंही पेंगुळलेलेच.

खोलीचं मात्र गिअररावांचं बरोबर आहे, नाइलाजाने म्हणते. पुढची नको, मागची नको. इमारत रस्त्याला आडवी असेल तर बाजूची खोली, जिन्यापासून लांब. पार्किंगमध्ये शिरताना जनरेटर कुठल्या कोपऱ्यात आहे ते आधी बघायचं, मग काउंटरवर जायचं.

कराडची_सून

सगळ्या पुरुषांनी सगळं लिहिलं, सकाळच्या गरम पाण्याचं एकानेही नाही. चार माणसं, एक बाथरूम, पंधरा लिटरचा गीझर. पहिला माणूस शॉवरखाली मनसोक्त उभा राहतो, शेवटची गार पाण्याने आंघोळ करते. ती कोण, हे सांगायला नको.

फ्यूज_उडाला

ताई, लाखातलं बोललात. हिशोब मांडतो.

पंधरा लिटरची टाकी, दोन किलोवॅटची कॉइल. २५ अंशांवरून ६० अंशांवर जायला अठराएक मिनिटं. त्यात गार पाणी मिसळून आंघोळीचं साधारण तीस लिटर होतं, म्हणजे दीड बादली. दोन माणसं, तीही बादलीने. मग परत वीस मिनिटं थांबा. चौघांना पाऊण तास धरा. शॉवर विसरा.

तीन लिटरचा इन्स्टंट गीझर असेल तर पाणी संपत नाही, पण धार बारीक ठेवावी लागते. तीन किलोवॅटवर थंडीत मिनिटाला जेमतेम दोन लिटर. बादली भरायला दहा मिनिटं. लोक नळ पूर्ण सोडतात, कोमट पाणी येतं, मग मॅनेजरच्या नावाने बोंब.

कर्नाटकात बऱ्याच ठिकाणी सोलर. "गरम पाणी ६ ते ९" अशी पाटी असते. टाकी गच्चीवर, त्यामुळे वरच्या मजल्यावर लवकर येतं. खालच्या मजल्यावर पाइपातलं गार पाणी निघून जाईपर्यंत बादली-दोन बादल्या वाया. म्हणून वरची खोली मागा.

सोलापुरी_चादर

वरची खोली? एप्रिलमध्ये? दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत भट्टीसारखा असतो. आणि लिफ्ट नसलेल्या तीन मजल्यांवर आजी कशा चढणार? गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर तळमजला आणि कमोड, या दोन गोष्टी फोनवरच विचारून घ्यायच्या. गरम पाणी बादलीने वर-खाली नेता येतं, आजींना नाही.

गिअर_पाचवा

एवढी रडारड कशाला? दीड हजार वॅटचा हीटिंग रॉड बॅगेत टाका. बादलीत सोडा, झालं काम.

फ्यूज_उडाला

गिअरराव, हे लिहिलेलं खोडा आधी. मी गंमत करत नाहीये.

दीड हजार वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर. खाटेजवळचा पॉइंट सहा अँपिअरचा असतो, आणि स्वस्तातल्या लॉजवर तो दहा जणांनी चार्जर खुपसून सैल झालेला. प्लग तापतो, सॉकेट वितळतं. त्यात अर्थिंगची खात्री नाही. पोराने पाणी तापलं का म्हणून बोट घातलं तर? "झालं काम" म्हणजे खरंच झालं काम.

गिअर_पाचवा

मग हजार वॅटचा घ्या. ४.३ अँपिअर. सहामध्ये बसतो की नाही? का गणित फक्त तुम्हालाच येतं?

फ्यूज_उडाला

बसतो. बादलीभर पाण्याला अर्धा तास लागतो. चौघांना दोन तास. आणि अर्थिंगचा प्रश्न तसाच. रॉड बुडालेला असताना स्विच चालू, बाहेर काढण्याआधी बंद, मुलं खोलीबाहेर. एवढं पाळणार असाल तर तुमची मर्जी. मी तरी काउंटरवर सांगून स्वयंपाकघरातून दोन बादल्या गरम पाणी मागवीन, बहुतेक ठिकाणी देतात.

कराडची_सून

आंघोळी रात्रीच उरकायच्या. पोचल्यावर वेळ असतो, घाम असतो, गीझर मोकळा असतो. सकाळी नुसतं तोंड धुऊन निघायचं. सोलर असेल तिथे मात्र रात्री पाणी मिळतंय का हे विचारून घ्यायचं.

बिलं_जपणारा

मुक्कामाच्या खर्चाचं कुणी नीट बोलत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. कुणी अजून जुने १२ टक्के लावत असेल तर तिथेच बोला. आणि बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर काउंटरवर कर वेगळा द्यायचाच नाही. १,५०० च्या खोलीवर १२ आणि ५ टक्क्यांतला फरक १०५ रुपयांचा. जादा गादीचे तीन-चारशे आधी ठरवा, नाहीतर सकाळी बिलात उगवतात.

चेकआउट पण विचारा. २४ तासांचा असेल तर उशिरा पोचलेल्याचा फायदा. ॲपवरचं बुकिंग बहुतेक दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी सकाळी अकराचं. रात्री एकला पोचलात तरी अकराला बाहेर.

गिअर_पाचवा

हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे, पण असो.

माळावरचा_मुक्कामी

रात्री एकला पोचायचंच नाही, हाच मुद्दा आहे. अंधार पडल्यावर शोधायला लागलात की जी मिळेल ती खोली घ्यावी लागते, आणि मग वरची सगळी तपासणी वाऱ्यावर. दुपारी हावेरी ओलांडताना फोन करा. लिफ्ट, कमोड, गीझर की सोलर, जनरेटर, चेकआउट. पाच प्रश्न, दोन मिनिटं.

सोबत परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक असतील तर सहावा: परदेशी पाहुण्यांच्या नोंदीचा फॉर्म ३ (पूर्वीचा फॉर्म सी) भरता का? लॉजला चोवीस तासांत तो ऑनलाइन भरावा लागतो. ज्यांची नोंदणी नाही ते दारातूनच परत पाठवतात, बाकी तुमचं कुटुंब आत आणि अमेरिकेतला भाचा बाहेर.

गिअर_पाचवा

ठीक. एकटा चालवणारा असेल आणि ऊस चालू असेल तर चित्रदुर्गाला थांबा. एवढं मान्य. आता टाळ्या नकोत. दोघं चालक असतील तर मी रात्रीच निघणार, फार तर नऊऐवजी पहाटे चारला.

सोलापुरी_चादर

पहाटे चारला निघणं म्हणजे रात्रीच निघणं का हो?

फ्यूज_उडाला

त्यांचं राहू द्या. कुणाकडे इलेक्ट्रिक गाडी असेल तर खोलीच्या सॉकेटला एक्स्टेन्शन लावून रात्रभर चार्जिंग करू नका. सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट, अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि अर्थिंग, तिन्ही हवं. चार्जरवर लाल दिवा लागला तर बहुधा अर्थिंगच नाही. यावर वेगळा धागा काढतो, इथे रॉडवाले आहेत.