जाऊ, नणंद, दीर: हे शब्द आले कुठून?

ओसरीवरून: 'जाऊ' हा शब्द 'जाणे'वरून आला असं एका फॉरवर्डमध्ये होतं. पटत नाही. नणंद, दीर, सून यांचं मूळ काय? आणि आत्या संस्कृतात का सापडत नाही?

रूपसिद्धी: जाण्याशी काही संबंध नाही. संस्कृतात भावाभावांच्या बायका एकमेकींच्या 'यातृ'. शब्दारंभीचा य प्राकृतात ज होतो, दोन स्वरांमधला त गळतो, म्हणून जाऊ. जामातृचा जावई झाला तोही याच वाटेने, फक्त तिथे म चा व झाला (ग्राम–गाव आठवा). ननान्दृ → नणंद, देवर → दिअर → दीर, स्नुषा → सुण्हा → सून.

फसगत होते ती आजचंच रूप घेऊन फोड करण्यात. अगदी निरुक्तातही (शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा यास्काचा प्राचीन ग्रंथ) देवर म्हणजे 'द्वितीय वर' असं दिलंय! पण ग्रीक 'दाएर' आणि लॅटिन 'लेविर' हे त्याच अर्थाचे सगोत्र, म्हणजे एकाच मूळ शब्दातून आलेले शब्द आहेत. त्यांत 'वर' बसवून दाखवा.

सीमाभाग: आत्या द्राविडी वळणाची. कन्नडमध्ये 'अत्ते' म्हणजे आत्या आणि सासूही, कारण आतेमामे भावंडांत लग्नं होत. अक्का, अण्णा तिकडचेच. मावशी मात्र मातृष्वसृ, म्हणजे आईची बहीण.

ओसरीवरून: आणि साडू?

रूपसिद्धी: श्यालीवोढृ. श्याली म्हणजे मेहुणी, वोढृ म्हणजे तिच्याशी लग्न करणारा.