मदत हवी आहे : कापूस वेचणी सुरू झाली की संध्याकाळच्या वर्गातली मोठी मुलं तुटतात

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या एका गावात आम्ही चौघं मित्र संध्याकाळी मुलांसाठी अभ्यासिका आणि खेळ चालवतो. जागा समाजमंदिराची, वेळ साडेपाच ते साडेसात. येणारी बहुतेक मुलं सालदारांची, रोजंदारीवाल्यांची, तिसरीपासून नववीपर्यंत. घरी एकच खोली, त्यातच चूल, टीव्ही आणि धाकटी भावंडं. आधी ही मुलं अंधार पडेपर्यंत टपरीपाशी दिसायची. आता आधी कबड्डी, मग गृहपाठ, शेवटी गोष्टीचं पुस्तक. शाळेत तोंड न उघडणारी पोरं इथे अहिराणीत बिनधास्त शंका विचारतात, आणि एकदा अहिराणीत समजलं की पुस्तकातलं मराठी त्यांना जड जात नाही.

अडचण दिवाळीच्या आसपास येते. वेचणीची मजुरी किलोवर, त्यामुळे घरातले जितके हात वावरात, तितका पैसा. सातवीच्या पुढची मुलं मग शाळेतूनही गळतात आणि आमच्याकडूनही. हंगाम सरल्यावर परत येतात तेव्हा बाकीचे पुढे गेलेले असतात. लहानांच्या रांगेत बसायची लाज वाटते, मग येणंच बंद. 2009 चा शिक्षण हक्क कायदाही आठवीपर्यंतच धरून ठेवतो. त्यापुढे घरचे 'बस झालं आता' म्हणाले की विषय संपतो.

आठवीतला एक मुलगा मागच्या हंगामात वावरातून थेट वर्गावर आला. बोंडांच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरखडलेली, पेन्सिल नीट धरता येईना. तरी त्याने आईच्या आठवड्याच्या वेचणीची वजनं एकाखाली एक मांडली, किलोच्या भावाने गुणली आणि मजुरी किती व्हायला हवी ते काढलं. वर्गात हाच मुलगा मला गणित येत नाही म्हणायचा! दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटला, म्हणाला, "सर, मायसंगे वावरमा जाई ऱ्हायनू." त्याच्या आईला कोणत्या तोंडाने सांगू की नेऊ नका? त्या पैशावर त्यांचा किराणा भरतो.

तर, अशा मुलांना हंगामात धरून कसं ठेवायचं? आणि मोठ्या मुलींना दिवेलागणीनंतर घरचे थांबू देत नाहीत, त्याला काय करता? खर्चाचंही सुचवा. वह्या, बल्ब, मुलांचे मुरमुरे-शेंगदाणे, सगळं सध्या आमच्या खिशातून चालतं.

प्रतिसाद, चोपड्याहून :
दादा, आम्ही हंगामात वेळच बदलतो. जेवणं झाल्यावर एक तास, बस. आणि आठवडी बाजाराचा दिवस सोडू नका. त्या दिवशी आमच्याकडे वेचणी बंद असते, हप्त्याचा हिशोब होतो, मुलं मोकळी असतात. परत आलेल्या मुलाला इयत्तेप्रमाणे बसवू नका. कोण ओळी वाचतो, कोण उतारा, कुणाला भागाकार येतो, असे गट करा. दोन-तीन इयत्ता एकत्र बसल्या की लाज आपोआप कमी होते. त्या आठवीच्या मुलाला तर वजन-भावाचं गणित लहानांना शिकवायला द्या.

अमळनेरचेच आहात म्हणून सांगतो. साने गुरुजी प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात हस्तलिखित दैनिक काढायचे. तुम्ही मोठ्या मुलांकडून महिन्याला एक भित्तिपत्रक काढून घ्या, अहिराणीत लिहिलं तरी चालेल. संपादक झालेला मुलगा सहजासहजी सुटत नाही, हा आमचा अनुभव आहे.

प्रतिसाद, धुळ्याहून :
मुलींसाठी बचत गटातल्या बायांना धरा. रोज एक आई वर्गात बसेल आणि गल्लीतल्या सगळ्या मुली तिच्याबरोबर घरी जातील. बाई समोर दिसली की घरचे नाही म्हणत नाहीत. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल, असं कधीच होऊ देऊ नका. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा आणि पालकांनाही सांगा. मुलांच्या मदतीचा 1098 हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.

खर्चाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात. दिवे आणि पुस्तकं त्यातून मागा. अर्ज तुमच्या नावाने नको, ग्रामसभेत आयांनीच उभं राहून मागू दे. वडील वारलेली किंवा एकच पालक असलेली मुलं तुमच्याकडे असतील, तर बालसंगोपन योजना बघा, महिन्याला 2250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा. कपाशीच्या पैशासाठी शाळा सोडणाऱ्या घराला हा मोठा टेकू आहे.

धागाकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. बाजाराच्या दिवसाचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, याच आठवड्यापासून सुरू करतो. ग्रामसेवकांशीही बोलतो. ताई, बालसंगोपनचं एक विचारायचं आहे : आमच्याकडच्या दोन भावंडांचे वडील वारलेत, पण आईकडे मृत्यूचा दाखला नाही. तो काढायला सुरुवात कुठून करायची?