अनुभव धागा: चर्च सोडायचं नाही, कडवेपणा सोडायचा आहे

उपासना हिंदीत, घरातलं बायबल मराठी, फोनवर अमेरिकन प्रवचनं, आणि मत देताना आठवतं ते संविधान. इंदूरच्या बऱ्याच मराठी ख्रिस्ती घरांत हे सगळं एकाच वेळी चालू असतं. 'कडवी मतं सोडून मी कसा बदललो' या कहाण्या पुष्कळ झाल्या. इथे नावाच्या जागी आपला भाग टाका आणि फक्त उपयोगाचं लिहा: काय वाचावं, काय करावं, गाडी कुठे अडते.

पलासिया

आधी ऐकलेल्या शिकवणीचं गाठोडं उघडून बघा. वहीत दोन रकाने आखा. डावीकडे "बायबलमध्येच आहे" म्हणून ऐकलेली दहा वाक्यं, उजवीकडे नेमकं वचन आणि ही शिकवण कधीपासूनची ते. काही उजवे रकाने रिकामेच राहतात. मंडळी, म्हणजे विश्वासी लोक, अचानक ढगांत उचलली जाणार आणि मागे संकटाची सात वर्षं, ही मांडणी एकोणिसाव्या शतकात डार्बी नावाच्या ब्रिटिश उपदेशकाने घडवली. १९०९च्या स्कोफिल्ड बायबलच्या टिपांनी ती पसरवली. टीप आणि वचन एकाच पानावर छापलं की वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं.

गर्भपाताचंही तसंच. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या प्रोटेस्टंट पंथाने १९७१ साली ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या तब्येतीला धोका अशा वेळी कायद्याने मुभा असावी. १९७९ मध्ये 'मॉरल मेजॉरिटी' ही उजव्या ख्रिस्त्यांची राजकीय संघटना उभी राहिली आणि १९८० पर्यंत बॅप्टिस्टांचाही सूर पालटला. तुमचं मत काहीही असो, ते 'दोन हजार वर्षांचं' आहे म्हणण्याआधी या तारखा बघा.

एक चूक हमखास होते. रकाना रिकामा दिसला की लोक वहीच फेकून देतात. भरलेले रकानेही वाचा.

छावणी

बायकांनी चर्चमध्ये बोलू नये म्हणणाऱ्याशी वाद घालू नका, त्याच्याबरोबर वाचायला बसा. त्याने पौलाच्या पत्रातलं १ करिंथ १४:३४ (स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं) काढलं की तिथे बोट ठेवून त्याच पत्राचं ११:५ उघडा. स्त्रीने प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाकावं, असं तिथे पौल सांगतो. जिने तोंडच उघडायचं नाही तिला संदेश देताना पदर कशाला? काही जुन्या हस्तलिखितांत १४:३४-३५ या ओळी चाळिसाव्या वचनानंतर येतात. त्या समासातल्या टिपेतून मजकुरात आल्या असाव्यात असं काही अभ्यासक त्यामुळे मानतात.

मग रोमकरांस १६. फिबी 'सेविका'. मूळ ग्रीक शब्द दियाकोनोस, फिलिप्पै १:१ मध्ये मंडळीच्या पदाधिकाऱ्यांना लावलाय तोच. किंग जेम्स या जुन्या इंग्रजी बायबलात ते 'डीकन' झाले आणि फिबी नुसती 'सर्व्हंट' राहिली. सातव्या वचनातल्या युनियाला तर विसाव्या शतकातल्या काही इंग्रजी भाषांतरांनी चक्क पुरुष करून टाकलं.

दीड तास, दोन-तीन माणसं, चहा. पाचाच्या वर माणसं जमली की अभ्यास संपतो आणि सभा सुरू होते.

राजवाडा

वर लिहिलंय ते बरोबर, पण ग्रीक जपून. समोर मावशी असते. तिला पंडिता रमाबाई सांगा. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेच पत्रांतून आपल्या ख्रिस्ती गुरूंशी भांडायला लागल्या: एका पुरोहितवर्गाचं जोखड उतरवून दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही. किंवा ना. वा. टिळक. १९१७ मध्ये मिशनचं काम सोडलं आणि 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा न झालेल्यांनाही जागा होती. ही आपल्याच घरातली माणसं आहेत, अमेरिकेतून काही आणावं लागत नाही.

महू नाका

दशांशाबद्दल, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याबद्दल. मलाखी ३:१० (सगळा दशांश भांडारात आणा) सगळ्यांना पाठ असतं, बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचं १४:२२-२९ कोणी वाचून दाखवत नाही. तिथे दशांश कुटुंबाने देवासमोर बसून खायचा आहे, आणि दर तिसऱ्या वर्षीचा गावातच ठेवायचा: लेवी (जमीन नसलेले मंदिरसेवक), परदेशी, अनाथ, विधवा यांच्यासाठी. पगार २४,००० असेल तर दशांश २,४००. त्यातले ८०० मंडळीबाहेरच्या गरजूला, १,६०० चर्चला, पावती घेऊन. चर्चचे एकदम बंद केलेत तर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत तुमचं ऐकणार कोण?

नंदानगर

रागाच्या भरात नाव कमी करायचा अर्ज देऊ नका. बाप्तिस्मा, दृढीकरण (विश्वास पक्का करण्याचा विधी), लग्न, दफनभूमीतली जागा, सगळं त्या रजिस्टरला लटकलेलं असतं. मंडळी बदलायचीच तर पाळकांकडून बदलीपत्र घ्या, बाप्तिस्म्याच्या दाखल्याच्या दोन प्रती काढा, आणि नव्या ठिकाणी नाव चढल्यावरच जुनं सोडा.

आंतरधर्मीय लग्नात "आधी बाप्तिस्मा, मग लग्न" हा हट्ट नको. मध्य प्रदेशच्या २०२१च्या कायद्यात धर्म बदलण्याआधी ६० दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे निवेदन द्यायचं कलम आहे. स्वेच्छेने लग्न करणाऱ्या सज्ञानांवर त्यावरून कारवाई नको, असा अंतरिम आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात धर्म बदलावाच लागत नाही. दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य, मग नोटीस, हरकतींसाठी ३० दिवस, लग्नाला तीन साक्षीदार. अडचण अशी की नोटीस कार्यालयात लागते आणि घरच्यांआधी गावाला कळतं. घरी आधी सांगा.

मल्हारगंज

"चर्चमध्ये राजकारण नको" म्हणणाऱ्याला कॅथलिक सिस्टर राणी मारिया यांची आठवण करून द्या. उदयनगर भागात भूमिहीनांना सावकारांविरुद्ध उभं केलं म्हणून २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांचा खून झाला. ४ नोव्हेंबर २०१७ला त्यांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं ते इथेच, इंदूरला. रोमकरांस १३ (सत्तेच्या अधीन राहा) तोंडावर फेकलं तर प्रेषितांची कृत्ये ५:२९ (माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानावी) उघडा.

अमेरिकन कडवेपणाची नक्कल इथे मुळातच बसत नाही. तिथे ख्रिस्ती बहुसंख्य, इथे मूठभर. आपल्या प्रार्थनासभेसाठी संविधानातला धर्मस्वातंत्र्याचा अनुच्छेद २५ मागायचा आणि शेजाऱ्याच्या घरात आपले नियम सरकारकडून लादून घ्यायचे, हे दोन्ही कसं चालेल? लढायचंच तर अनुसूचित जातींत कोण मोडतं ते ठरवणारा १९५०चा आदेश आहे: १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती अजून बाहेर. आणि घटस्फोट. २००१च्या कायदादुरुस्तीपर्यंत ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवणं पुरे होतं. बायकोला सहसा त्याच्या जोडीला क्रूरता किंवा त्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. ही दुरुस्ती मागणाऱ्यांत ख्रिस्ती बायकाच होत्या.

राजवाडा

आणि हे सगळं नाताळच्या जेवणावर काढू नका. रविवारी उपासनेनंतर पोहे-जलेबी खाताना एक वचन, एक प्रश्न. उत्तर त्याच दिवशी मागू नका.