एआयकडून मंगलाष्टकं गाऊन घेतली, पण वृत्ताचं पार वाटोळं! काही उपाय?

सिडकोची_आत्या

भाचीचं लग्न मे महिन्यात आहे, औरंगाबाद रोडवरच्या एका लॉन्सवर. आमच्याकडे मंगलाष्टकं मी लिहायची हे न विचारताच ठरलेलं असतं. नोकरी बँकेत कॅश काउंटरवर झाली, साहित्याशी संबंध शून्य, पण शाळेत बाईंनी घोकून घेतलेली वृत्तं डोक्यातून गेली नाहीत ती नाहीतच. गायला आमची चुलत वहिनी असते. यंदा ती लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत. मग भाचा म्हणाला, आत्या, टेन्शन कशाला घेतेस, सुनोवर टाकू. सुनो म्हणजे शब्द दिले की गाणं करून देणारं एआय.

टाकलं. आवाज गोड आहे, नाही म्हणत नाही. मागे सनई, तबला, व्हायोलिन, सगळा थाट. पण एकच ओळ घ्या:

गोदेच्या तिरि नाशकात सजला हा सोहळा देखणा

शार्दूलविक्रीडित आहे. एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे 'सजला'नंतर श्वास. हे यंत्र श्वास घेतं 'नाशकात'नंतर आणि मग 'सजला हा सोहळा' एका दमात म्हणून 'देखणा' वेगळंच लोंबकळत ठेवतं. 'तिरि' दोन्ही लघू, मुद्दाम ऱ्हस्व लिहिलंय, तर ते 'तीरीऽऽ' करून ताणतं. 'सोहळा'चा 'सोहला'. पुढच्या कडव्यात 'चुडा' आहे, त्यातला च चिमणीतला लावलाय. आणि 'जावई'चा ज जिलबीतला! ऐकून आमचे हे म्हणाले, हे तर हिंदी सिरियलमधलं लग्न लागतंय.

वर 'शुभमंगल सावधान' ते कोरससारखं तीन-तीनदा म्हणतं. पहिल्या सावधानलाच लोक मूठ मोकळी करतील, उरलेल्या दोनांना काय टाळ्या वाजवायच्या?

कुणी मराठीत असं काही करून घेतलंय का? आणि दुसरं म्हणजे सोसायटीतल्या दोघींनी आत्ताच विचारलंय, आमच्याकडच्या लग्नाला करून द्या, पैसे देऊ. हे चालतं का?

सिन्नरचा_पोरगा

आत्या, मी गणपती मंडळाची गाणी यावरच बनवतो. काही जुगाड सांगतो.

'चुडा' लिहूच नका, 'त्सुडा' लिहा. बरोबर उच्चारतं. 'जावई'साठी हिंदीतला टिंबवाला ज वापरा: 'ज़ावई'. शब्द दिसतो कसा हे कुणी बघत नाही, ऐकू काय येतं ते महत्त्वाचं. यतीसाठी ओळ तोडा. 'गोदेच्या तिरि नाशकात सजला' ही एक ओळ, स्वल्पविराम, एंटर, मग 'हा सोहळा देखणा'. ओळ संपली की ते बहुतेक वेळा श्वास घेतं. कोरस नको असेल तर सगळ्या कडव्यांवर चौकोनी कंसात 'व्हर्स' एवढंच टाका, कोरस शब्द कुठेच नको, आणि सावधानच्या खाली चौकोनी कंसात 'एंड'. नको असलेल्या गोष्टी लिहायला वेगळा खाना असतो, त्यात 'ड्रम्स, बॉलीवूड' टाकून ठेवा.

ळ मात्र लहरी आहे. कधी येतो, कधी नाही. मी तर सरळ ळवाले शब्द टाळतो.

सिडकोची_आत्या

बाळा, त्सुडा एकदम लागू पडला! भाच्याने लगेच करून दाखवलं. श्वासही बराचसा जागेवर आला. 'तिरि' अजून ताणतंयच.

पण ळ टाळून लग्न कसं लावू? सोहळा, मंगळसूत्र, कुळदैवत, मुंडावळ्या, करवल्यांची वेळ-काळ नसलेली धावपळ... ळ काढला तर मांडवात फक्त नवरा-नवरी उरतील.

गंगापूररोड_रेकॉर्डिस्ट

ताई, तुमचा खरा घोटाळा उच्चारांचा नाही, मात्रांचा आहे. लघूची एक आणि गुरूच्या दोन धरून तुमची ओळ मोजली. यतीपर्यंत 18, पुढे 12, एकूण 30. यंत्राला तुम्ही ताल सांगितला नाहीत तर ते आपलं चारचं किंवा आठचं लावतं. म्हणजे केरवा. तिसाला आठाने भागून बघा, सहा मात्रा उरतात. त्या उरलेल्या जागी काय करायचं हे त्याला कळत नाही, म्हणून ते कुठलंतरी अक्षर ताणून आवर्तन भरून काढतं. तुमच्या 'तिरि'चा बळी तिथे जातो.

सहाने भागा. यतीपर्यंत बरोबर तीन आवर्तनं, पुढे दोन. म्हणजे दादरा. फक्त दोन ठिकाणी अक्षर समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, अलीकडे सुरू होऊन पलीकडे संपतं: 'नाशकात'मधला 'का' आणि 'सोहळा'तला 'ळा'. माणूस ते सहज ओलांडतो. यंत्र तिथे अडखळेल, पण केरव्याइतकं नाही. स्टाईलच्या खान्यात 'सिक्स-एट' आणि 'स्लो' लिहून बघा.

याहून चांगला मार्ग सांगू? शब्द देऊच नका, चाल द्या. तुम्हाला चाल येते ना? फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावा, हेडफोन घालून स्वतः गा, पंखा बंद करून. सुर थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल. ते रेकॉर्डिंग अपलोड करून त्याचं 'कव्हर' मागायचं, म्हणजे तीच चाल यंत्राच्या आवाजात. मग लघू-गुरू, यती, ळ, सगळं तुमच्या गळ्यातून त्याच्यासमोर जातं, त्याला अंदाज बांधावे लागत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या लोकांचं मी हल्ली असंच करतो. नुसत्या लिखाणावरून मराठी वृत्त नीट गाणारं यंत्र मला तरी अजून भेटलेलं नाही.

पंचवटीतला_भटजी

रेकॉर्डिस्ट साहेबांचं गणित आवडलं, पण मंगलाष्टकाला ठेका असतो कुठे? ती चालीवर म्हणायची, तालात नाही. तबला घातला की ते भावगीत होतं.

आणि ताई, माझी अडचण वेगळीच आहे. मुहूर्त गोरज असो की सकाळचा, शेवटची मिनिटं मी घड्याळाकडे बघून भरतो. नवरी मेकअपमध्ये अडकली की एक कडवं वाढवायचं, मामा मुलीला घेऊन लवकर आले की एक गाळायचं. मग 'तदेव लग्नं' म्हणून अंतरपाट दूर. गाणारी बाई समोर असली की मी नुसतं डोळ्याने खुणावतो. रेकॉर्डिंगला कसं खुणावणार? मागच्या हंगामात एका ठिकाणी गाणं संपलं तेव्हा मुहूर्ताला अजून अवकाश होता. सगळे हातात अक्षता धरून एकमेकांकडे बघत उभे. शेवटी मी माझ्या घोगऱ्या आवाजात दोन कडवी ओढली.

मेहेर_सिग्नल

पैशांबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. वकिली करतो.

मांडवात गाणं वाजवायची भीती नको. 1957च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52(1)(झेडए) आहे. धार्मिक विधीत संगीत सादर केलं तर ते उल्लंघन धरत नाहीत, आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित बाकीचे सामाजिक कार्यक्रम येतात, असं स्पष्टीकरणातच लिहिलंय.

शेजारणींकडून पैसे घेणं ही वेगळी गोष्ट. सुनोच्या फुकट खात्यावरची गाणी धंद्यासाठी वापरायला परवानगी नाही. पैसे भरलेलं खातं लागतं, आणि नंतर भरले म्हणून आधीची फुकट गाणी मोकळी होत नाहीत. शब्द तुमचे आहेत, त्यांचे पैसे मात्र खुशाल घ्या, त्याला कुणाची ना नाही.

गाण्याचा मालक कोण, यावर आपल्या कायद्यात संगणकाने केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे जिच्यामुळे ती घडली ती व्यक्ती, असं आहे. हे वाक्य आजची ही यंत्रं यायच्या कितीतरी आधीचं, त्यामुळे त्यावर फार विसंबू नका. अमेरिकेत 2024च्या जूनमध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि तसल्याच युडिओवर खटले भरले. 2025च्या ऑक्टोबरमध्ये युडिओने त्यातल्या युनिव्हर्सलशी तडजोड केली आणि लगोलग गाणी डाउनलोड करणंच बंद केलं. म्हणून जे आवडेल ते त्याच दिवशी उतरवून घ्या. लग्नाच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका.

सिडकोची_आत्या

सगळ्यांचे आभार. रेकॉर्डिस्ट दादा, तुमचं 18 आणि 12 मी वहीत मांडून पाहिलं. इतकी वर्षं लिहितेय, पण तीस मात्रा कधी मोजल्या नव्हत्या, गण बघायचे आणि पुढे जायचं.

चाल गाऊन अपलोड केली. भाच्याची खोली, दारं-खिडक्या बंद, मे महिन्याचा उकाडा आणि पंखा बंद, म्हणजे काय झालं असेल बघा. पण ओळ जशीच्या तशी परत आली. सोहळ्याला ळ! आवाज मात्र पंचवीस वर्षांच्या मुलीचा, आणि 'तिरि' अगदी माझ्यासारखं तोडून म्हणते. भाचीला ऐकवलं तर म्हणते, तुझंच रेकॉर्डिंग लाव ना, हे कोण? तिला आता काय सांगणार.

गुरुजींचं म्हणणं पटलं. तबला काढून टाकला, नुसती सनई आणि तानपुरा ठेवलाय. गणपतीचं आणि सप्तशृंगीचं कडवं यंत्राचं वाजवायचं, कारण तेव्हा लोक अजून खुर्च्या ओढत असतात. आई-वडील आणि मामांच्या नावांचं मी स्वतः म्हणणार. उरलेली दोन राखीव, गुरुजींच्या डोळ्यांवर. सावधान कुणाच्याच रेकॉर्डिंगमध्ये नाही, ते गुरुजींचं.

शेजारणींना सांगितलंय की शब्द लिहून देईन, गाण्याचं तुमचं तुम्ही बघा. एकीने लगेच भाव केला.

आता एवढंच सांगा, लॉन्सवरच्या साउंडवाल्याला सुटी सुटी कडवी कशी द्यायची? तो आमचं ऐकेल असं वाटत नाही.

गंगापूररोड_रेकॉर्डिस्ट

प्रत्येक कडव्याची वेगळी फाइल. नावात आधी आकडा: '01 गणपती', '02 देवी', राखीव दोन '03' आणि '04'. पेन ड्राइव्हवर दुसरं काहीही ठेवू नका. आणि त्याच्या लॅपटॉपवर एक गाणं संपलं की पुढचं आपोआप सुरू होणं आधी बंद करायला सांगा, भाच्याला शेजारी उभं करून. नाहीतर देवीचं कडवं संपतं न संपतं तोच त्याच्याकडचं वरातीचं गाणं सुरू होतं. माझ्यासमोर झालंय, नवरदेव अंतरपाटामागे नाचायला लागला होता.