अमेरिकी उजव्यांच्या समोरची खुर्ची कुठे गेली?

पाणपोई

गेले काही आठवडे रात्री 'फायरिंग लाइन'चे जुने भाग बघतोय. 'नॅशनल रिव्ह्यू' हे उजव्या विचारांचं नियतकालिक १९५५ साली काढणाऱ्या विल्यम बकलींचा हा टीव्ही कार्यक्रम १९६६ ते १९९९ असा चालला. बकली खुर्चीत इतके घसरून बसायचे की आता खाली येतील असं वाटावं. मांडीवर क्लिपबोर्ड, बोटांत पेन, मधेच भुवया कपाळात. आणि समोर कोण? १९६८ साली कवी ॲलन गिन्सबर्ग आला, त्याने पेटी वाजवत 'हरे कृष्ण' म्हटलं. १९६९ साली युद्धविरोधी भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की, विषय व्हिएतनाम. १९७३ साली ब्लॅक पँथर्स या जहाल कृष्णवर्णीय संघटनेचे ह्यूई न्यूटन. ज्यांची मतं बकलींना डोक्यात जायची, नेमकी तीच माणसं. चॉम्स्कीच्या भागात बकली अडचणीत येतात हे मला, त्यांच्या चाहत्याला, स्पष्ट दिसलं.

मुक्त बाजारवाले अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनचंही तेच. १९८० साली, तेव्हा सरकारी मदतीवर चालणाऱ्या पीबीएस या टीव्ही वाहिनीवर त्यांची दहा भागांची मालिका आली. एक साधी पेन्सिल हातात धरून ते सांगतात की हिचं लाकूड एकीकडचं, आतलं ग्राफाइट दुसरीकडचं, टोकाचं रबर तिसरीकडचं, आणि हे पुरवणारे एकमेकांना ओळखतही नाहीत. बाजार म्हणजे काय हे मला तिथे कळलं. पण त्याच भागाच्या उत्तरार्धात टीकाकार समोर बसून त्यांच्यावर प्रश्नांची सरबत्ती करायचे.

मग रेडिओवरचे रश लिंबॉ. १९८८ पासून देशभर, रोज तीन तास, बहुतेक वेळा एकटेच. फोन करणारे म्हणायचे 'डिट्टो', म्हणजे आधीच्याने केलेलं कौतुक माझ्याही नावावर लिहा. १९९४ साली रिपब्लिकनांनी ४० वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकलं, तेव्हा नव्या सदस्यांनी त्यांना मानद सदस्य करून घेतलं. पुढचे टीव्हीवरचे आणि पॉडकास्टवरचे तारे याच वाटेवरचे.

नवी माणसं बिनडोक आहेत असं मी म्हणत नाही. लिंबॉची भाषेवरची हुकमत जबरदस्त होती. पण समोरची खुर्ची गेली. मी स्वतः आर्थिक बाबतीत उजवीकडे झुकलेला आहे, म्हणून हे जास्त लागतं. आपलं म्हणणं विरोधकासमोर टिकतं का, हे तपासायची सवयच ज्या बाजूला उरत नाही ती माझी बाजू आहे.

काळा_फळा

असहमत. या सुवर्णकाळाला खूप सोन्याचा मुलामा दिलाय.

१९५७ च्या ऑगस्टमध्ये याच 'नॅशनल रिव्ह्यू'ने संपादकीय लिहिलं, की दक्षिणेत जिथे गोरे संख्येने कमी आहेत तिथेही वर्चस्व त्यांचंच राहावं, कारण ते सध्या पुढारलेले आहेत. किती सफाईदार इंग्रजी, आणि आत काय! १९६५ साली केंब्रिज विद्यापीठातल्या वादविवादात कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविनसमोर बकली उभे राहिले, तेव्हा ५४४ विरुद्ध १६४ मतांनी हरले. बाल्डविन सांगत होते की ज्या देशाची पायाभरणी त्यांच्या लोकांच्या घामावर झाली, त्याच देशाने त्यांना परकं ठरवलं. बकलींकडे त्याला उत्तर नव्हतं.

दुसरं, तमाशा लिंबॉने आणला हेही खरं नाही. १९६८ च्या पक्ष अधिवेशनांत एबीसी हे तीन नंबरचं चॅनल होतं. प्रेक्षक ओढायला त्यांनी बकली आणि डावे लेखक गोर व्हिडाल यांना समोरासमोर बसवलं. व्हिडालनी बकलींना छुपा नाझी म्हटलं, आणि बकलींनी थेट प्रक्षेपणात त्यांचं थोबाड फोडायची धमकी दिली. समोरची खुर्ची तिथेही होती.

बकली तेलवाल्या श्रीमंताचा मुलगा, येलचा पदवीधर. त्यांचं अवघड इंग्रजी किती कामगारांपर्यंत पोचलं असेल? लिंबॉंनी निदान त्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलायला सुरुवात केली. त्यांचं बरंचसं बोलणं मला पटत नाही, पण त्या श्रोत्याला बिनडोक समजणं मला अजिबात मान्य नाही.

दुपारचा_चहा

काळा_फळा यांना +१. शिवाय १९३० च्या दशकातले कॅथलिक धर्मगुरू फादर कॉगलिन आठवा. रेडिओवर कोट्यवधी श्रोते, आधी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या बाजूने, नंतर उघड ज्यूद्वेष. लोकप्रिय आवाज आधीपासून होताच.

तळटीप

दोघेही माणसांवर बोलताय, पैशाचं कोणी बोलत नाही.

१९४९ पासून अमेरिकेत नियम होता की परवानाधारक रेडिओ आणि टीव्ही केंद्रांनी वादग्रस्त विषयाच्या दुसऱ्या बाजूलाही जागा द्यायची. १९८७ साली तो रद्द झाला. त्याच सुमारास गाणी एफएमवर निघून गेली होती आणि एएम केंद्रांना स्वस्तात दिवस भरून काढायचा होता. एक माणूस, एक माईक, तीन तास. लिंबॉ वर्षभरातच देशभर गेले. (उजव्यांच्या फॉक्स न्यूजला मात्र या नियमाशी जोडू नका. ती १९९६ ची केबल वाहिनी, आणि हा नियम केबलला लागू नव्हताच.)

'नॅशनल रिव्ह्यू' देणगीदारांच्या जिवावर चाललं. देणगीदार विचारतो, काय छापलं? जाहिरातदार विचारतो, किती जणांनी ऐकलं?

पाणपोई

१९५७ चा डाग मी झाकणार नाही. बकलींनी २००४ मध्ये कबूल केलं, की वंशभेद आपोआप मागे पडेल हे आपलं मत चुकलं, केंद्राने हस्तक्षेप करणं गरजेचं होतं. कबुली यायला फार उशीर झाला, पण आली. बाल्डविनसारखं कोणी तोंडावर बोललंच नसतं तर तीही आली असती का, याची मला शंका आहे.

आणि एक गोष्ट माझ्याच विरोधात जाते, तरी सांगतो. १९९३ मध्ये 'नॅशनल रिव्ह्यू'ने लिंबॉंना मुखपृष्ठावर घेतलं, 'विरोधी पक्षनेता' म्हणून. किल्ल्या कोणी हिसकावल्या नाहीत, घरच्यांनीच दिल्या. हे वाचून मला वाईट वाटलं.

काळा_फळा

मोकळेपणाने लिहिलंत, आभार. पण तरीही खुर्ची हे उत्तर नाही. सीएनएनचा 'क्रॉसफायर' बघा, १९८२ ते २००५. एक डावा, एक उजवा, रोज समोरासमोर. पुढे फॉक्स न्यूजचे तारे झालेले टकर कार्लसन तिथे बो टाय लावून बसायचे. हेच कार्लसन १९९५ मध्ये 'वीकली स्टँडर्ड' या वैचारिक साप्ताहिकात लिहायला लागले होते आणि उत्तम लिहायचे. ऑक्टोबर २००४ मध्ये विनोदी कलाकार जॉन स्ट्यूअर्ट तिथे येऊन म्हणाले, की तुम्ही देशाचं नुकसान करताय, हे थांबवा. जानेवारीत वाहिनीने कार्यक्रम बंद करायचं ठरवलं. समोर विरोधक असूनही ती कोंबड्यांची झुंजच झाली होती. एक मुद्दा धड मांडायला दहा मिनिटं लागतात, तिथे मिनिटभरही मिळत नव्हतं.

पाणपोई

हे पटलं. मी खुर्चीकडे बघत बसलो, घड्याळाकडे माझं लक्षच गेलं नाही. तुमचा प्रतिसाद वाचून परत यादी उघडली. 'फायरिंग लाइन' सुरुवातीपासून तासाभराचा होता. १९८८ मध्ये तो अर्ध्या तासावर आला. ज्या वर्षी लिंबॉंना देशभर रोजचे तीन तास मिळाले, त्याच वर्षी.