सोर, टायर की सूर? एका फिनिशियन नगरीच्या नावाची चर्चा

विचारणा

प्राचीन भूमध्य सागरी व्यापारावरील एका मराठी मजकुराचे संपादन करताना मला एक अडचण आली आहे. लेखकाने एके ठिकाणी ‘टायर’, बायबलचा उल्लेख येतो तिथे ‘सोर’ आणि आजच्या लेबननविषयी लिहिताना ‘सूर’ असे म्हटले आहे. ही एकाच नगरीची नावे आहेत का, आणि असल्यास मराठीत कोणते रूप सर्वत्र ठेवावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर

तिन्ही नावे एकाच नगरीची आहेत. ही नगरी आजच्या लेबननच्या दक्षिण किनाऱ्यावर, बैरूतपासून सुमारे ८० किलोमीटरवर असून तिचे अरबी नाव ‘सूर’ हेच आहे. हिब्रू भाषेत तिला ‘सोर’ म्हणतात, प्राचीन मेसोपोटेमियाच्या अक्कादी भाषेतील लेखांत ‘सुर्रु’ असे रूप येते, आणि ‘टायर’ हे ग्रीक ‘तुरोस’ व लॅटिन ‘तिरुस’ या वाटेने इंग्रजीत पोहोचलेले रूप आहे. नावाचा अर्थ ‘खडक’ असा आहे आणि तो शब्दशः घ्यायचा आहे, कारण मूळ नगरी किनाऱ्यापासून सुमारे पाऊण किलोमीटर आत असलेल्या खडकाळ बेटावर वसलेली होती.

‘स’चा ‘त’ कसा झाला, ही शंका येणे स्वाभाविक आहे. हिब्रूतील हा ‘स’ आपला साधा दंत्य ‘स’ नसून त्सादे या अक्षराचा जोरकस उच्चार आहे, आणि त्या एका अक्षरात मुळात वेगवेगळे असलेले काही सेमिटिक (हिब्रू, अरबी, अरामी ज्यात येतात त्या भाषाकुळातील) ध्वनी कालांतराने मिसळून गेले. अरामी भाषेत याच धातूचा शब्द ‘तूर’ असा असून त्याचा अर्थ ‘डोंगर’ होतो. जुना ध्वनी अजून वेगळा ऐकू येत होता त्या काळात ग्रीकांनी हे नाव उचलले, म्हणून त्यांच्याकडे ‘तुरोस’ झाले. शेजारच्या सीदोनचा ध्वनी मुळातच निराळा असल्यामुळे तिथे मात्र ‘स’ टिकला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. जुन्या लॅटिनमध्ये या नगरीचे ‘सारा’ असेही एक नाव आढळते, म्हणजे रोमनांच्या कानावर ‘स’चे रूपही पोहोचले होते.

आता मराठीत काय लिहावे? गंमत अशी की तिन्ही रूपांना आपल्याकडे कोणी ना कोणी नावबंधू आहेच. ‘टायर’ म्हटले की वाचकाला चाक आठवते, ‘सूर’ म्हटले की गाणे, आणि ‘सोर’ वाचून गोव्यातील वाचकाला ‘सोरो’, म्हणजे दारू, आठवली तर त्याचा दोष नाही. तरीही माझे मत ‘सोर’च्या बाजूने आहे. मराठी बायबलमध्ये ‘सोर व सीदोन’ ही जोडी रुळलेली आहे, आणि विशेष म्हणजे नव्या कराराचे मूळ ग्रीक असूनही मराठी अनुवादकांनी तिथे हिब्रू रूपच ठेवले, त्यामुळे जुन्या करारातील राजा हिरामाची नगरी आणि प्रेषित पौल जिथे सात दिवस राहिला ती नगरी एकच आहे हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. आधुनिक शहरासाठी ‘सूर’ योग्यच आहे. पहिल्या उल्लेखात ‘सोर, म्हणजे आजचे सूर’ असे लिहिले की काम भागते. ‘टायर’ हे रूप मी पूर्णपणे टाळीन.

‘सोर’ ठेवण्याचे याहून मोठे कारण असे की संदेष्ट्यांची या नगरीविषयीची भाकिते तिच्या नावाशीच खेळतात, आणि ‘टायर’ लिहिले की तो खेळ दिसेनासा होतो. बायबलमधील जखऱ्या या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ९व्या अध्यायात म्हटले आहे की सोरने स्वतःसाठी ‘मासोर’, म्हणजे तटबंदी, उभारली आणि धुळीसारखी चांदी व रस्त्यावरच्या चिखलासारखे सोने साठवले. हिब्रूत ‘सोर’ आणि ‘मासोर’ हे शब्द लागोपाठ येतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला नगरीच्या नावातच तिचा तट ऐकू येई. यहेज्केल या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या २६व्या अध्यायातील शिक्षा तर अधिक बोचरी आहे. नगरीवरची माती खरवडून तिला उघडा खडक करून टाकीन, ती समुद्रात जाळी पसरण्याची जागा होईल, असे तिथे देव म्हणतो. तिथे ‘खडक’ यासाठी ‘सेला’ हा दुसरा शब्द वापरला आहे, पण अर्थ तोच आहे: सोरने वर जे काही चढवले ते सारे उतरेल आणि ती पुन्हा नावापुरतीच उरेल.

व्यापाराच्या शब्दांविषयीही थोडे लिहितो, कारण आपल्या मजकुरात ते येणारच. यहेज्केलाचा २७वा अध्याय सोरला एका जहाजाचे रूप देतो: सनीरचे लाकूड, लबानोनच्या गंधसरूची डोलकाठी, बाशानच्या ओक वृक्षांची वल्ही, मिसरच्या (इजिप्तच्या) तागाचे शीड, सीदोन व अर्वदचे वल्हेकरी, आणि फटी बुजवायला गबालचे कुशल कारागीर. त्यानंतर मालाची यादी सुरू होते. तार्शीशहून चांदी, लोखंड, कथील व शिसे, यहूदा व इस्राएलकडून गहू, मध, तेल व मलम, दिमिष्काकडून (दमास्कसकडून) द्राक्षारस व लोकर असा माल येतो. या यादीत व्यापाऱ्यासाठी मुख्यतः ‘सोहेर’ आणि ‘रोखेल’ हे दोन शब्द आलटून पालटून येतात. ‘सोहेर’चा धातू ‘फिरणे’ या अर्थाचा आहे, म्हणजे आपल्या ‘फेरीवाला’ या शब्दामागची कल्पनाच तिथेही आहे, फक्त इथली फेरी समुद्रापलीकडची आहे. ‘रोखेल’शी नाते असलेला ‘राखील’ हा शब्द चहाडी करत हिंडणाऱ्यासाठी वापरला जातो, आणि लेवीय १९व्या अध्यायातील चुगलीविरुद्धच्या आज्ञेत तोच आहे. तिसरा शब्द ‘कनानी’. यशयाच्या २३व्या अध्यायात सोरचे व्यापारी पृथ्वीवरील प्रतिष्ठित लोक होते असे म्हणताना ‘तिचे कनानी’ असाच प्रयोग आहे, कारण एव्हाना त्या जातिनामाचा अर्थच ‘व्यापारी’ झाला होता. अनुवादात इथे ‘व्यापारी’ लिहिणेच बरोबर आहे.

सोर, सीदोन अशा नगरींच्या या किनारपट्टीसाठी ‘फिनिशिया’ हा शब्द मात्र जपून वापरावा. ते नाव ग्रीकांनी दिलेले आहे आणि हिब्रू शास्त्रात ते येत नाही. हे लोक स्वतःला बहुधा आपापल्या नगरीच्या नावाने ओळखत. हा फरक शुभवर्तमानांतही दिसतो: सोर व सीदोनच्या परिसरात येशूकडे आपल्या मुलीसाठी विनवणी करणाऱ्या स्त्रीला मार्क सीरियातील फिनिशियन म्हणतो, तर मत्तय त्याच स्त्रीला कनानी म्हणतो.

प्रतिप्रश्न

आपले विवेचन पटले, परंतु एक शंका उरते. ‘तू पुन्हा बांधली जाणार नाहीस’ असे वचन यहेज्केलात असताना आजही तिथे शहर आहे, आणि आपण त्याच नावाने दोन्ही ओळखावीत असे सुचवता. मग भाकितातील ‘सोर’ कोणती समजावी? तसेच २६व्या अध्यायात आधी ‘तो’ आणि पुढे ‘ते’ असे का येते?

उत्तर

आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण मराठीत त्यात एक खास घोटाळा होऊ शकतो. ७व्या ओवीत बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याचे नाव येते आणि ११व्या ओवीपर्यंत क्रियापदे एकवचनी आहेत. १२व्या ओवीत मूळ हिब्रूत एकाएकी अनेकवचन येते आणि ‘ते तुझी संपत्ती लुटतील, तुझे दगड, लाकूड व माती पाण्यात टाकतील’ असे म्हटले जाते. आपल्या आदरार्थी बहुवचनाच्या सवयीमुळे एखादा वाचक हा ‘ते’ राजालाच उद्देशून समजेल, म्हणून भाष्यात ‘ते लोक’ असे स्पष्ट लिहावे. या अनेकवचनाचा संबंध अनेकजण ३ऱ्या ओवीतील ‘पुष्कळ राष्ट्रे’ या शब्दांशी जोडतात आणि इ.स.पू. ३३२मध्ये अलेक्झांडरने जे केले ते इथे पाहतात. त्याने किनाऱ्यावरील जुन्या वस्तीचा मलबा समुद्रात टाकून बेटापर्यंत बांध घातला आणि सात महिन्यांच्या वेढ्यानंतर नगरी घेतली. इतर अभ्यासक हे अनेकवचन नबुखद्नेस्सराच्या सैन्याचे मानतात. व्याकरण दोन्ही अर्थांना वाव देते, त्यामुळे केवळ सर्वनामावर एवढा मोठा निष्कर्ष उभारू नये असे मला वाटते.

नबुखद्नेस्सराचा वेढा पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफसच्या म्हणण्याप्रमाणे १३ वर्षे चालला. त्याचे फळ काय मिळाले, हे यहेज्केल स्वतःच २९व्या अध्यायात सांगतो: प्रत्येकाचे डोके टक्कल झाले, प्रत्येकाचा खांदा सोलवटला, तरी राजाला व त्याच्या सैन्याला सोरकडून मजुरी मिळाली नाही, म्हणून त्याऐवजी मिसर दिला जाईल. हा उतारा त्याच ग्रंथात राहू दिला गेला, हे मला फार बोलके वाटते. ‘पुन्हा बांधली जाणार नाहीस’ या वचनाविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते ते बेटावरील त्या सागरी सत्तेविषयी आहे, तर काहींच्या मते संदेष्ट्यांच्या विलापगीतांची भाषाच अशी टोकाची असते. मला दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण यशया २३व्या अध्यायात त्याच सोरला ७० वर्षांनंतर पुन्हा व्यापाराला लागलेली दाखवतो. नावाच्या बाबतीत मात्र यामुळे काही बदलत नाही. अलेक्झांडरच्या बांधाभोवती वाळू साचत गेली आणि बेट कायमचे किनाऱ्याला जोडले गेले. आजचे शहर त्याच द्वीपकल्पावर आहे आणि तेथील प्राचीन अवशेषांचा १९८४मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे. म्हणून ‘सोर’ आणि ‘सूर’ यांना दोन नगऱ्या मानण्याचे कारण नाही.

एक किरकोळ सूचना राहिली. यहेज्केलाच्या २८व्या अध्यायात २ऱ्या ओवीत ‘नगीद’ आणि १२व्या ओवीत ‘मेलेख’ असे दोन वेगळे शब्द आहेत. त्यांच्यासाठी अनुक्रमे ‘अधिपती’ आणि ‘राजा’ हा भेद आपल्या मजकुरातही पाळावा. सोरच्या मुख्य दैवताचे नाव ‘मेल्कार्त’, म्हणजे ‘नगरीचा राजा’, असे असल्यामुळे तिथे ‘राजा’ हा शब्द ऐकणाऱ्यांच्या कानाला एरवीपेक्षा अधिक सूचक वाटला असणार.