फॉक्सप्रोमधली दूध बिलं टॅलीत जात नाहीत, मदत हवी आहे

दूधगंगाकाठ: आमच्या दूध संस्थेचा प्रोग्राम जुना, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेतला. त्यातली बिलं एक्सएमएल (डेटा पाठवायची मजकूर-फाइल) करून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतोय. काही येतात, काही येत नाहीत. फाइल तीनदा नव्याने केली, तरी तेच. सोमवारी ऑडिटर येणार आहेत. कुणीतरी लवकर सांगा.

खतावणी: टॅली कोणतं? 'काही' म्हणजे किती? चूक काय दाखवतंय?

दूधगंगाकाठ: टॅलीप्राइम. 640 सभासद, दहा दिवसांचं बिल, अख्ख्या वर्षाची. सभासदांची खाती आधी घेतली, ती सगळी आली.

जुना हिशेबनीस: 23 हजार बिलं टॅलीत घालायचीच कशाला? सभासदवार खतावणी दूध प्रोग्राममध्ये राहू दे. टॅलीत 'दूध उत्पादक देणे' हे एकच खातं काढा आणि दर दहा दिवसांच्या सगळ्या बिलांची मिळून एक जर्नल नोंद टाका. वर्षाच्या 36 नोंदी, हाताने एका दुपारी होतात. मी दोन संस्थांत असंच केलंय.

खतावणी: आणि प्रोग्राम बंद पडला तर? पशुखाद्याची उधारी कुणाकडे किती, हे एका खात्यात कसं दिसणार?

जुना हिशेबनीस: त्याची यादी छापून फाइलला लावायची. ऑडिटर तीच मागतात.

खतावणी: यादी आणि खतावणी यांत फरक आहे साहेब. सभासद भांडायला आला की त्याचं खातंच उघडून दाखवावं लागतं.

लिपीवाला: नावं मराठीत आहेत का? जुन्या प्रोग्राममध्ये युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नसतं, टॅलीत वेडीवाकडी चिन्हं दिसतील. आधी फॉन्ट बदलून घ्या.

दूधगंगाकाठ: नावं इंग्रजी अक्षरांत आहेत. एका नावाचे चार-चार सभासद आहेत म्हणून पुढे सभासद क्रमांक लावलाय. तो प्रश्नच नाही.

कोडकरी: तारीख 20250411 अशी सलग आहे ना? आणि नावे (डेबिट) रक्कम उणे चिन्हाने दिली आहे का? व्हाउचरची, म्हणजे एका नोंदीची, बेरीज शून्य आली नाही तर टॅली ते घेत नाही.

दूधगंगाकाठ: दोन्ही बरोबर आहे. नाहीतर एकही बिल आलं नसतं.

पेढीवाले: दुधावर जीएसटी नाही, पण तूप विकत असाल तर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 ऐवजी 5 टक्के. त्या तारखेआधीची आणि नंतरची विक्री वेगळी ठेवा.

दूधगंगाकाठ: आम्ही तूप विकत नाही. बिलांचं कुणी सांगेल का?

कोडकरी: आलेल्या बिलांच्या तारखा बघून सांगा.

दूधगंगाकाठ: सगळी 1 तारखेची. 11 आणि 21 चं एकही नाही.

कोडकरी: टॅली परवान्याचं आहे की एज्युकेशनल मोडमध्ये (विनापरवाना, शिकण्यापुरतं)?

दूधगंगाकाठ: घरच्या लॅपटॉपवर करतोय, तिथे एज्युकेशनल आहे. संस्थेतला कॉम्प्युटर दिवसभर संकलनाला लागतो.

कोडकरी: मग हेच कारण. त्या मोडमध्ये महिन्याच्या 1, 2 आणि 31 तारखेच्याच नोंदी होतात. फाइलला हात लावू नका. संस्थेच्या परवान्यावर चालवा, पण आधी बॅकअप घ्या. आणि टॅलीत नवी कंपनी (वेगळी वही) काढून तिच्यात करा, नाहीतर 1 तारखेची बिलं दोनदा बसतील.

जुना हिशेबनीस: 36 नोंदी केल्या असत्या तर एव्हाना काम संपलं असतं.

दूधगंगाकाठ: रात्री संकलन झाल्यावर चालवलं. सगळी आली, तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळते. कोडकरी, फार आभार. पण वर्षाची दूध खरेदी जुन्या प्रोग्रामशी जुळत नाही.

खतावणी: 21 ते 31 मार्चच्या बिलावर तारीख काय आहे?

दूधगंगाकाठ: 1 एप्रिल.

खतावणी: म्हणजे ती खरेदी पुढच्या वर्षात गेली, आणि मागच्या मार्चचं बिल या वर्षात शिरलं. शेवटचं बिल 31 मार्चला घ्या. पहिलं काढून टाका आणि ते देणं सभासदांच्या आरंभीच्या शिलकेत दाखवा. हे ऑडिटरच्या आधी करा, तो पहिल्यांदा हेच बघेल.

दूधगंगाकाठ: फरक नेमका या दोन बिलांतल्या फरकाएवढाच आहे. आत्ता बदलतोय.